रात्रीच्या पाळीसाठी जुनी सिक्सपी बॅटरी: घ्यायची कशी, बदलायची कशी

रावेर-यावलकडे शेतीची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोटर चालू करायला, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला, डीपीवरचा फ्यूज उडाला का ते बघायला वावरात जावंच लागतं. हातात असते ती बहुतेक पाच मोडची, निळसर पांढऱ्या झोताची बॅटरी. तिच्यात शेजारच्या बांधावरचं झाड लख्ख दिसतं, पण पायाजवळच्या वाळलेल्या केळीच्या पाल्यात पडलेली घोणस दिसत नाही. पाला तपकिरी, साप तपकिरी. त्या दोन तपकिरींतला फरक लालसर-पिवळसर छटांचा असतो आणि स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या उजेडात नेमका तोच भाग तुटपुंजा असतो. डीपीच्या पेटीतही तेच होतं. लाल फेजची वायर मातकट दिसते आणि माणूस अंदाजाने हात घालतो.

म्हणून या लेखात लुमेनच्या (उजेड किती, त्या आकड्याच्या) मागे न लागता रंगाच्या मागे लागायचं आहे. जुन्या बल्बच्या टॅक्टिकल बॅटरीचा उबदार, खरा रंग ठेवायचा, पण तिच्यात बल्बच्या जागी तसाच रंग देणारा एलईडी आणि आजचा चार्जिंगचा सेल बसवायचा. त्यासाठी सगळ्यात सोयीची चौकट म्हणजे शुअरफायरची सिक्सपी, किंवा त्याच मापावर बनलेली एखादी बॅटरी.

सिक्सपीच का

कॅलिफोर्नियातल्या शुअरफायर कंपनीची सिक्सपी १९८० च्या दशकातली. ॲल्युमिनियमची जाड नळी, पुढे सुमारे ३२ मिमी व्यासाचं डोकं, मागे दाबायचं रबरी बटण. आत सीआर१२३ए जातीचे ३ व्होल्टचे दोन लिथियम सेल, म्हणजे एकूण ६ व्होल्ट. बल्ब आणि रिफ्लेक्टर मिळून एकच सुटा भाग असतो, त्याला पी६० म्हणतात. त्याचा उजेड ६५ लुमेन आणि सेल टिकायचे जेमतेम तासभर. आजच्या मानाने आकडे लहान वाटतील, पण तारेच्या बल्बच्या त्या उजेडात रंग जसेच्या तसे दिसायचे.

खरी गंमत त्या सुट्या भागात आहे. डोकं फिरवून काढलं की पी६० हातात येतो आणि त्याच मापाचा दुसरा भाग तिथे बसतो. रिफ्लेक्टरचा व्यास साधारण २६ मिमी असल्यामुळे या मापाला डी२६ असंही नाव पडलं. पुढे कित्येक जणांनी याच मापाचे एलईडी भाग आणि याच मापाच्या बॅटऱ्या बनवल्या. बल्ब गेला म्हणून बॅटरी फेकायची वेळ येत नाही. नळी तीच राहते, आतलं काळीज बदलतं.

घेताना

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे वापरलेली खरी सिक्सपी. दुसरी म्हणजे अल्ट्राफायर ५०१बी किंवा ५०२बी यांसारखी त्याच धाटणीची स्वस्त नळी. नवख्याने दुसरीपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिच्यात १८६५० (चार्जिंगचा लिथियम सेल) कारखान्यातूनच बसतो, लेथचं काम पडत नाही आणि पहिल्या सोल्डरिंगमध्ये काही बिघडलं तर जीव हळहळत नाही. मात्र हिचे आटे खऱ्या सिक्सपीच्या आट्यांशी जुळतील असं धरून चालू नका. डोकं एकाचं आणि मागचं झाकण दुसऱ्याचं असा मेळ घालायचा असेल तर आधी हातात घेऊन फिरवून बघा.

खरी सिक्सपी जुनी घेत असाल तर मागचं झाकण काढून आत बघा. सीआर१२३ए सेल आत फुगून अडकलेला असेल तर तो काढताना नळी खराब होते. स्प्रिंगवर गंज किंवा पांढरट थर असेल तर सेल गळलेला आहे. आटे बोटाने चाचपा, चुरचुरीत लागले तर ॲल्युमिनियम घासलं गेलंय. बटणाचं रबर दाबून बघा, चीर दिसली तर पावसाळ्यात पाणी आत जाणार. पुढची काच डोक्यात पक्की बसवलेली असते, सहज निघत नाही, म्हणून तडा गेलेली काच असलेली बॅटरी सोडून द्या. ओ-रिंग सुकलेल्या असतील तर हरकत नाही, त्या नव्या मिळतात. काळा रंग उडून कडा पांढऱ्या झाल्या असतील तरी चिंता नको.

नोव्हेंबर २०२० पासून अलीएक्स्प्रेस भारतात बंद आहे. त्यामुळे एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला जाणारा करंट ठरवणारं छोटं सर्किट) आणि नळ्या देशातल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून घ्याव्या लागतात, नाहीतर परदेशातून मागवून कस्टम ड्युटी भरावी लागते. परदेशातून मागवलंच तर पार्सलमध्ये सेल अजिबात नको. लिथियम सेलवर हवाई वाहतुकीचे निर्बंध आहेत आणि एका सेलपायी सगळं पार्सल अडकतं. सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर, सिलिकॉन वायर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात सहज मिळते. मुंबईला जाणं झालं तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर बाकीचं मिळून जातं.

सेल: इथे पैसे वाचवू नका

१८६५० म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. सीआर१२३ए एक ३४.५ मिमीचा, दोन मिळून ६९ मिमी. म्हणजे लांबीत १८६५० सहज बसतो, अडचण फक्त जाडीची, कारण सीआर१२३ए १७ मिमीचाच आहे.

बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती साठा मावतो त्याचं माप) छापलेले सेल मिळतात. ते खोटे आहेत. चांगल्या कंपन्यांचा या मापाचा सेल ३००० ते ३५०० एमएएचच्या आसपास असतो. सॅमसंगचा ३०क्यू ३००० चा, ३५ई ३५०० चा, एलजीचा एमजे१ ३५०० चा. ओळखायची सोपी रीत वजनाची आहे. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. खोट्यात आत लहानसा सेल आणि उरलेल्या जागेत भलतंच काही भरलेलं असतं, म्हणून तो बराच हलका लागतो. घरचा स्वयंपाकघरातला काटा चालत नसेल तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघा. जळगावात त्याची काय कमी?

नवख्याने संरक्षक सर्किट असलेला सेल घ्यावा. तो फार खाली उतरू लागला की स्वतःच बंद पडतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल काढून वापरायचा मोह होतो, पण मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दिसलेला सेल पुन्हा चार्जिंगला लावू नका.

आणि एक चूक कधीच करू नका. सीआर१२३एच्या जागी त्याच मापाचे चार्जिंगचे दोन सेल (१६३४०) घालायची. पूर्ण भरलेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे दोन मिळून ८.४. सहा व्होल्टचा बल्ब बटण दाबताच जातो. त्याहून वाईट म्हणजे दोनांतला एक सेल आधी संपला तर दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतो, तो तापतो, वायू सोडतो, आणि बंद धातूच्या नळीत त्या वायूला वाट नसते. हेच संकट जुना आणि नवा सीआर१२३ए मिसळून घातल्यावरही येतं. एकच १८६५० सेल वापरला की हा प्रश्नच उरत नाही.

खरी सिक्सपी असेल तर: लेथवर नळी मोठी करणं

हे काम लेथवाल्याचं आहे, हँड ड्रिलने करायचं नाही. आधी तुमचा सेल व्हर्निअरने मोजा. संरक्षक सर्किट नसलेला सेल १८.३ ते १८.५ मिमी भरतो, सर्किटवाला त्याहून जाड. सेलच्या मापापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी जास्त भोक ठेवायचं, म्हणजे साधारण १८.७ मिमी. सर्किटवाल्या जाड सेलसाठी अजून कापावं लागतं आणि आट्यांजवळची भिंत फारच पातळ होते. म्हणून कापलेल्या सिक्सपीत साधा सेल घाला आणि उतरत्या व्होल्टेजवर उजेड कमी करून बंद होणारा ड्रायव्हर घ्या.

लेथवाल्याला तीन गोष्टी आधी सांगा. नळीच्या दोन्ही टोकांना बाहेरून आटे आहेत, चकच्या जबड्यात ती सरळ धरली तर आटे दाबले जातील आणि नळी अंडाकृती होईल. म्हणून उभी चीर दिलेली ॲल्युमिनियमची बाही करून तिच्यात धरायची. दुसरं, पुढच्या तोंडाशी आत एक खांदा आहे, पी६०ची मोठी स्प्रिंग त्यावर टेकते. तो थोडा अरुंद झाला तर चालेल, नाहीसा झाला तर बॅटरीच पेटणार नाही. तिसरं, काम झाल्यावर आतल्या कडा काचकागदाने मऊ करायच्या. कडेवर राहिलेला धारदार बर (धातूचा बारीक कंगोरा) सेलवरचं पातळ प्लॅस्टिक पहिल्याच दिवशी फाडतो. शेवटी नळी रॉकेलने धुवा, आत ॲल्युमिनियमचा कीस राहता कामा नये.

एलईडी भाग जोडणं

तयार भाग विकत मिळतात, पण त्यांत बहुधा थंड पांढरा एलईडी आणि स्ट्रोब, एसओएस असे लुकलुकणारे मोड असलेला ड्रायव्हर असतो. स्वतः जोडला तर रंग आपल्या हातात राहतो. लागणारं सामान: पितळी पिल (एलईडी आणि ड्रायव्हर धरणारी वाटी) आणि खरबरीत रिफ्लेक्टर, १६ मिमी तांब्याच्या पट्टीवरचा निचिया ५१९ए किंवा ल्युमिनस एसएसटी-२० एलईडी, ४००० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९० च्या वर. १७ मिमीचा ड्रायव्हर, त्यावर एएमसी७१३५ जातीच्या ४ चिप. थर्मल पेस्ट, २४ गेजची सिलिकॉन वायर, ६०/४० सोल्डर, राळ.

रिफ्लेक्टर खरबरीतच घ्या, संत्र्याच्या सालीसारखा. गुळगुळीत रिफ्लेक्टर झोत लांब फेकतो पण मध्ये एक टोचणारा ठिपका आणि भोवती कड्या पडतात. पायापुढची दहा पावलं बघायला सारखा पसरलेला उजेड लागतो.

चारच चिप का? एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते. चार म्हणजे १.४ अँपिअर, ३००० एमएएचच्या सेलवर दोन तास चालतात. आठ चिपचे ड्रायव्हरही सर्रास मिळतात, २.८ अँपिअरचे. पण पी६०चा भाग नळीत सैल बसतो, भोवती हवेची फट असते आणि हवेतून उष्णता जात नाही. २.८ अँपिअरला सेलमधून ११ वॅटच्या आसपास ओढले जातात, दोन-तीन मिनिटांत एलईडी तापून उजेड उतरू लागतो. भुसावळच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको.

जोडणीचा क्रम असा. पिल रिफ्लेक्टरमधून काढा. पिलची आतली कड काचकागदाने चकचकीत घासा, मगच सोल्डर धरेल. ड्रायव्हरच्या दोन वायरी (लाल आणि काळी) पिलच्या भोकातून वर काढा. ड्रायव्हर खालून बसवा आणि त्याची कड पिलला दोन ठिकाणी सोल्डर करा. इथे २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न कमी पडते. पितळ सगळी उष्णता ओढून घेतं आणि सोल्डरचा नुसता गोळा वर बसतो, आत धरत नाही. ६० वॅटची मागून आणा, राळ लावा, सोल्डर पाण्यासारखं पसरलं की लगेच काढा. बॅटरी लुकलुकते अशा तक्रारींत हाच सांधा सगळ्यात आधी तपासायचा.

मग एलईडीच्या पट्टीखाली थर्मल पेस्ट लावा, तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त लावली तर पेस्टचाच जाड थर होतो आणि उष्णता अडते. लाल वायर अधिक चिन्हावर, काळी वजा चिन्हावर. सांधे चपटे ठेवा, कारण वर रिफ्लेक्टरचा तळ टेकणार आहे. एलईडीभोवती पांढरी प्लॅस्टिकची चकती ठेवा, ती एलईडी मधोमध धरते आणि रिफ्लेक्टरला वायरीपासून दूर ठेवते. चकती पातळ वाटली तर सांध्यांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप) चिकटवा.

या चकतीकडे दुर्लक्ष करू नका. ७१३५च्या ड्रायव्हरमध्ये एलईडीची अधिक वायर थेट सेलच्या अधिकला जोडलेली असते आणि रिफ्लेक्टर हा वजा असतो. अधिक सांधा रिफ्लेक्टरला लागला तर सेल पूर्ण शॉर्ट होतो. वजा सांधा लागला तर चिप मधून वगळल्या जातात, उजेड अचानक भगभगीत होतो आणि मोड चालत नाहीत. नव्या जोडलेल्या भागात "कमी-जास्त होतच नाही, पण उजेड जबरदस्त आहे" असं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच बंद करून काळी वायर तपासा.

नळीत बसवणं

आता ती हवेची फट भरायची. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, पट्टी कापा, पिल आणि रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाभोवती गुंडाळत जा आणि मधून मधून डोक्यात घालून बघा. हाताने दाबून, किंचित जोर लावून आत गेली पाहिजे. हातोडी लागत असेल तर दोन वेढे काढा. तांब्याची पट्टी मिळाली तर आणखी चांगलं. मोठी बाहेरची स्प्रिंग झाकू नका आणि फॉइलचं टोक मधल्या लहान स्प्रिंगजवळ लोंबू देऊ नका. मधली स्प्रिंग अधिक आहे.

नीट गुंडाळलेली बॅटरी पाच मिनिटांत हाताला कोमट लागते. लोक याला दोष समजतात, पण हेच चांगलं लक्षण आहे, आतली उष्णता बाहेर येतेय. नळी थंडगार आणि उजेड मात्र उतरतोय, ही काळजीची गोष्ट.

पहिली चाचणी झाकणाशिवाय करा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावा, एक टोक सेलच्या मागच्या बाजूला, दुसरं नळीच्या मागच्या उघड्या कडेला. १.३ ते १.४ अँपिअर दिसले की जोडणी बरोबर. मीटरच्या बारीक वायरी थोडा करंट खातात, त्यामुळे किंचित कमी दिसलं तरी चालेल. काही सेकंदांतच टोकं काढा. मीटरवर ठीक दिसतं पण झाकण लावल्यावर उजेड कमी, तर दोष मागच्या बटणात किंवा स्प्रिंगमध्ये आहे. आटे आणि कड स्वच्छ कापडाने पुसा. तरीही फरक पडला नाही तर स्प्रिंगला आतून पातळ वायर सोल्डर करा, म्हणजे करंट पोलादाऐवजी तांब्यातून जाईल.

खऱ्या सिक्सपीच्या मूळ झाकणाला टिक्-टिक् बटण नाही. दाबलं की पेटते, सोडलं की विझते, आणि झाकण फिरवून घट्ट केलं की पेटलेली राहते. याच्याबरोबर एकाच मोडचा ड्रायव्हर लावा. अनेक मोडचा लावला तर दर दाबाला मोड बदलत बसतो.

वापरात दिसणारे बिघाड

बटण न दाबता बॅटरी पेटली, तर सेलवरचं प्लॅस्टिक कुठेतरी फाटलंय. सेलचं सगळं अंग वजा असतं, ते नळीला टेकलं की बटणाला वळसा पडतो. सेल काढा आणि नवं प्लॅस्टिक चढवल्याशिवाय वापरू नका. १८६५०साठी साधारण ३० मिमी रुंदीची श्रिंक नळी लागते. अधिक टोकावर कागदी वॉशर आधी, प्लॅस्टिक नंतर. केस वाळवायचा ड्रायर पुरतो.

सेल आत खुळखुळतो म्हणून चुंबकाचा तुकडा मध्ये ठेवतात. तो सरकून कडेला लागला की शॉर्ट. स्प्रिंग हाताने थोडी ताणा, तेवढं पुरेसं असतं.

केळीचा चीक आणि काळ्या मातीची भुकटी आट्यांत बसते आणि ओ-रिंग कापते. पंधरा दिवसांतून एकदा आटे कोरड्या कापडाने पुसून सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जास्त ग्रीस धूळ ओढून घेतं.

उन्हाळ्यात बॅटरी मोटारसायकलच्या डिकीत किंवा मोटरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालची खोली सहज तेवढी तापते. चार्जिंग पहाटे किंवा रात्री, माणूस जागा असताना, फरशीवर ठेवून करा. सेल ३.५ व्होल्टवर आला की चार्जिंगला लावा, भरला की ४.२ दाखवतो. पाळी दिवसाची असेल आणि बॅटरी आठवडाभर पडून राहणार असेल तर ३.८ च्या आसपास ठेवा आणि मागचं झाकण बटण दाबूनही पेटणार नाही इतकं सैल करा, म्हणजे पिशवीत दाबली जाऊन पेटणार नाही.

पहिल्या रात्री बागेत जाण्याआधी अंगणात एक प्रयोग करा. वाळलेल्या पाल्यावर लाल, पिवळी आणि निळी अशा वायरीचे तुकडे टाका. आधी जुन्या निळसर बॅटरीने बघा, मग या बॅटरीने. कंबरेच्या उंचीवर धरा, झोत पायांच्या तीन-चार पावलं पुढे. लाल वायर लगेच डोळ्यात भरली तर एलईडी नीट निवडलात. गमबूट आणि काठी मात्र सोडू नका.